हवेली शेतातील वापशाची नोंद : सूक्ष्मनियंत्रक व एस.डी. कार्ड यांचा अभ्यासपाठ

प्रस्तावना

नर्मदेच्या खोऱ्यातील जबलपूर, नरसिंहपूर, दमोह या परिसरात भारी काळ्या जमिनीवर ‘हवेली’ नावाची जुनी शेतीपद्धती प्रचलित आहे. पुण्याजवळील हवेली तालुक्याशी या नावाचा संबंध नाही. या पद्धतीत शेताला चोहोबाजूंनी उंच बांध घालून पावसाळ्यातील पाणी शेतातच साठविले जाते. साचलेल्या पाण्यामुळे बहुतेक तणांचा बंदोबस्त होतो आणि जमीन खोलवर ओल धरते. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या प्रारंभी पाणी बाहेर सोडले जाते व जमीन वापशावर आली की गहू, हरभरा, मसूर किंवा वाटाणा पेरला जातो. वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतातून जात असल्यामुळे ते केव्हा सोडावयाचे, हा निर्णय एकट्या शेतकऱ्याचा नसतो. तो शेजाऱ्यांच्या संमतीने घ्यावा लागतो.

पाणी लवकर सोडल्यास रब्बीची ओल कमी पडते. उशिरा सोडल्यास वापसा लांबतो आणि गव्हाची पेरणी मागे जाते. भारी काळ्या जमिनीत वापशाचा अवधी थोडा असतो. आज नांगराला चिकटणारी माती काही दिवसांत ढेकळे धरू लागते. अनुभवी शेतकरी मूठभर माती दाबून वापसा ओळखतो आणि त्याचे हे ज्ञान विश्वासार्ह आहे. परंतु पाणी सोडल्यापासून वापसा येईपर्यंत किती दिवस लागले, त्या काळात जमिनीचे तापमान कसे बदलले, दहा सेंटिमीटरवरील ओल आणि तीस सेंटिमीटरवरील ओल यांत किती अंतर होते, या प्रश्नांची उत्तरे मुठीतून मिळत नाहीत. त्यासाठी सलग नोंद हवी. वैदर्भीय वाचकांनाही हा प्रश्न परका नाही. 1956 पर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते, आणि काळ्या जमिनीचा स्वभाव तर प्रांताच्या सीमा कधीच मानत नाही.

अशी सलग नोंद अल्प खर्चात कशी करावी आणि केलेली नोंद हंगामाच्या अखेरीस हाती कशी यावी, हा या पाठाचा विषय आहे. त्यातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. संच उभा करणे आता अवघड राहिलेले नाही, पण शेतात चार महिने चाललेल्या संचाचे कार्ड संगणकात घातल्यावर रिकामी फाइल दिसणे ही घटना आजही दुर्मीळ नाही. प्रयोगशाळेतील प्रयोग पुन्हा करता येतो. हवेलीचे पाणी मात्र वर्षातून एकदाच सुटते.

दोन निरीक्षणांमधील काळ

भारतात कृषी हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग पुणे येथे 1932 साली डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. त्यातून विकसित झालेल्या कृषी हवामान वेधशाळांत आजही स्थानिक मध्यमान वेळेनुसार सकाळी 7 आणि दुपारी 2 वाजता निरीक्षणे घेतली जातात. निरीक्षक स्वतः उपकरणापाशी जातो, आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. ही पद्धत शिस्तबद्ध असून तिच्यामुळे दीर्घकाळाच्या तुलनात्मक नोंदी उपलब्ध झाल्या आहेत.

तथापि दोन वाचनांमधील काळ या वहीत उतरत नाही. मध्यरात्री पडलेल्या सरीने शेतातील पाणी किती वाढले, पहाटे मातीचे तापमान कोठपर्यंत उतरले, बांध फोडल्यानंतर पहिल्या सहा तासांत पाण्याची पातळी कशी घटली, हे कळण्यासाठी दर दहा मिनिटांनी जागा राहणारा निरीक्षक हवा. सूक्ष्मनियंत्रक हा असा निरीक्षक आहे. त्याची तुलना वेधशाळेच्या नोंदीशी करताना वेळेतील फरक ध्यानात ठेवावा. जबलपूर सुमारे 80 अंश पूर्व रेखांशावर असून भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंशांवर आधारलेली आहे. त्यामुळे तेथील स्थानिक 7 वाजता घड्याळात सुमारे 7 वाजून 10 मिनिटे झालेली असतात. पुण्यात हाच फरक सुमारे 35 मिनिटांचा आहे.

मोबाइल जाळ्यामार्फत माहिती थेट पाठविणारे संचही उपलब्ध आहेत. परंतु जाळे नसलेल्या शेतात ते मुके होतात, आणि जाळे असले तरी पावसाळ्यात ते अखंड राहील याची खात्री नसते. म्हणून मूळ नोंद शेतातच, काढता येणाऱ्या कार्डावर ठेवावी आणि जाळ्यावरून जाणारी माहिती ही तिची प्रत समजावी.

संचाची रचना

अध्ययनासाठी आर्डुइनो ऊनो हा सर्वपरिचित फलक घेतला आहे. त्यावरील सूक्ष्मनियंत्रकाची कार्यस्मृती केवळ 2 किलोबाइट आहे. एस.डी. कार्ड 512 बाइटच्या खंडांत वाचले व लिहिले जाते. त्यामुळे असा एक खंड स्मृतीत धरण्यासाठीच तिचा चौथा भाग खर्ची पडतो. प्रोग्राम लिहिताना लांबलचक मजकूर स्मृतीत न ठेवण्याचे कारण हेच.

संचाचे घटक पुढीलप्रमाणे आहेत :

1. कार्डाचा फलक. एस.डी. कार्ड 2.7 ते 3.6 व्होल्टवर चालते, तर ऊनो 5 व्होल्टवर. म्हणून व्होल्टेज उतरविणारे परिपथ असलेला फलकच घ्यावा. लिहिताना कार्ड क्षणभर 100 मिलिअँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढू शकते. ऊनोवरील 3.3 व्होल्टचे टोक मात्र 50 मिलिअँपिअरपुरतेच असते, म्हणून कार्डाला पुरवठा त्या टोकातून देऊ नये.

2. घड्याळ. डी.एस. 3231 ही तापमानानुसार स्वतःला दुरुस्त करणारी चकती वापरावी. 0 ते 40 अंश सेल्सिअसमध्ये तिची चूक दहा लाखांत दोन भागांपर्यंत, म्हणजे वर्षाकाठी सुमारे एक मिनिट असते. मुख्य पुरवठा खंडित झाला तरी बटण सेलवर ती चालू राहते.

3. मातीच्या तापमानाचा संवेदक. जलरोधक आवरणातील डी.एस. 18 बी 20, पाच सेंटिमीटर खोलीवर.

4. ओलाव्याचे दोन संवेदक. धारिता-तत्त्वावरील, दहा व तीस सेंटिमीटर खोलीवर. उघड्या धातूच्या पट्ट्यांचे रोध-तत्त्वावरील संवेदक ओल्या मातीत लवकर गंजतात, म्हणून ते टाळावेत.

5. पाण्याच्या पातळीचा संवेदक. खांबावरून खाली तोंड करून बसविलेला, ध्वनिलहरींवर चालणारा.

दर दहा मिनिटांनी एक ओळ लिहिल्यास दिवसाला 144 ओळी होतात. एका ओळीस सुमारे 50 बाइट धरले, तर दिवसाला 7,200 बाइट आणि वर्षाला सुमारे 26 लाख बाइट जागा लागते. या हिशेबाने 4 गिगाबाइटचे कार्ड दीड हजार वर्षे पुरेल. म्हणून मोठ्या क्षमतेच्या कार्डाचा मोह धरू नये. नामांकित उत्पादकाचे, 4 ते 32 गिगाबाइटचे कार्ड खात्रीच्या दुकानातून घ्यावे. बाजारात क्षमतेचा खोटा आकडा छापलेली कार्डे आढळतात. म्हणून नवे कार्ड पूर्ण भरून व परत वाचून तपासल्याखेरीज शेतात नेऊ नये.

कार्डावर लिहिणे म्हणजे काय?

पाठाचा गाभा येथे आहे. तो समजण्यासाठी जबलपूरच्या जुन्या वस्तीतील सराफा डोळ्यांसमोर आणावा. सोन्याचांदीच्या पेढीवर पारंपरिक हिशेबाच्या दोन वह्या असत. व्यवहार घडताच तो रोजकीर्दीत उतरे. पुढे तो खतावणीत, त्या त्या नावाच्या पानावर नेला जाई. कोणाकडे किती येणे आहे हे पाहावयाचे झाल्यास रोजकीर्दीची शेकडो पाने कोणी चाळत नसे. खतावणी उघडली जाई. रोजकीर्दीत लिहिलेला पण खतावणीत न नेलेला व्यवहार घडलेला असूनही हिशेबात दिसत नसे.

एस.डी. कार्डावर नेमकी अशीच व्यवस्था असते. निरीक्षणांच्या ओळी कार्डाच्या एका भागात लिहिल्या जातात. ती रोजकीर्द होय. त्या ओळी कोणत्या फाइलच्या आहेत, फाइल कोठे सुरू होते आणि तिची लांबी किती आहे, याची माहिती वेगळ्या भागात असते. एक निर्देशिका आणि एक वाटपतक्ता मिळून ही खतावणी बनते. 32 गिगाबाइटपर्यंतच्या कार्डांवर रूढ असलेल्या ‘फॅट 32’ या रचनेचे नाव याच वाटपतक्त्यावरून पडले आहे.

आता प्रोग्राममध्ये ‘लिही’ अशी आज्ञा दिली की काय घडते ते पाहू. ओळ प्रथम स्मृतीतील 512 बाइटच्या खंडात जमा होते. 50 बाइटच्या साधारण दहा ओळी झाल्या की, म्हणजे सुमारे 100 मिनिटांनी, तो खंड भरतो आणि कार्डावर उतरतो. पण निर्देशिकेतील फाइलची लांबी तेव्हाही बदलत नाही. फाइल बंद करण्याची किंवा ‘पक्की नोंद कर’ अशी स्वतंत्र आज्ञा मिळाल्यावरच ती अद्ययावत होते.

याचा परिणाम गंभीर आहे. प्रारंभी फाइल उघडली, चार महिने तीत लिहीत राहिलो आणि एकदाही ती बंद केली नाही, तर निर्देशिकेत तिची लांबी शून्यच राहते. अखेरच्या दिवशी बॅटरी उतरली वा कोणी तार ओढली, तर संगणक ती फाइल रिकामी दाखवितो. ओळी कार्डावर कोठेतरी असतात, पण त्यांचा ठाव सांगणारे पान कोरे असते. तज्ज्ञांच्या साहाय्याने त्यांतील काही भाग परत मिळू शकतो, परंतु त्या भरवशावर संशोधनाची आखणी करता येत नाही.

म्हणून पहिला नियम असा : ओळ लिहिली म्हणजे नोंद झाली असे नव्हे. खतावणीत लांबी उतरली, तेव्हाच नोंद झाली.

नोंदीचा क्रम

दहा मिनिटांच्या अंतराने लिहावयाचे असल्यास प्रत्येक ओळीनंतर फाइल बंद करणेच इष्ट. त्यामुळे थोडी ऊर्जा अधिक लागते, पण पुरवठा कोणत्याही क्षणी खंडित झाला तरी हानी बहुधा शेवटच्या एका ओळीपुरतीच राहते. क्रम असा ठेवावा :

1. जागे व्हावे, घड्याळातून वेळ घ्यावी.
2. बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. ते ठरलेल्या मर्यादेखाली असल्यास कार्डाला स्पर्श न करता पुन्हा झोपावे. अपुऱ्या पुरवठ्यावर केलेले लेखन मागील नोंदीही बिघडवू शकते.
3. संवेदकांना पुरवठा द्यावा, स्थिर होऊ द्यावे, प्रत्येकाची पाच वाचने घेऊन मधले मूल्य निवडावे. सरासरीपेक्षा मधले मूल्य बरे, कारण एखादे भलतेच वाचन त्याला हलवू शकत नाही.
4. दिवसाची फाइल उघडावी. ती उघडली की नाही, हे तपासावे.
5. ओळ लिहावी. जितके बाइट लिहावयास सांगितले तितकेच लिहिले गेले का, हे पाहावे.
6. फाइल बंद करावी.
7. काही चुकल्यास ठरावीक वेळा दिवा लुकलुकवून ते कळवावे व एकदा पुन्हा प्रयत्न करावा.
8. संवेदकांचा पुरवठा तोडून झोपावे.

चौथी व पाचवी पायरी नवशिक्या प्रोग्राममध्ये हमखास गळते. कार्ड खोबणीत सैल झाले तरी असा प्रोग्राम निष्ठेने ‘लिहीत’ राहतो आणि शेतावर येणाऱ्याला सर्व आलबेल वाटते.

दर दिवसाची स्वतंत्र फाइल ठेवावी. आर्डुइनोच्या प्रचलित एस.डी. ग्रंथालयात फाइलच्या नावासाठी आठच अक्षरे मिळतात. वर्षाचे चार, महिन्याचे दोन व दिवसाचे दोन अंक मिळून ती नेमकी भरतात, आणि फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. एखादी फाइल बिघडलीच, तर तेवढा एक दिवस जातो, हंगाम जात नाही.

ओळीतील रकाने असे असावेत : अनुक्रमांक, दिनांक, वेळ, मातीचे तापमान, दहा सेंटिमीटरवरील ओलाव्याचे मूळ वाचन, तीस सेंटिमीटरवरील मूळ वाचन, पाण्यापर्यंतचे अंतर, बॅटरीचे व्होल्टेज आणि शेवटी पडताळा-अंक. ओळीतील सर्व अक्षरांपासून ठरलेल्या रीतीने काढलेला हा अंक पुढे पुन्हा काढून पाहिला असता जुळला नाही, तर ती ओळ मध्येच तुटली किंवा बिघडली असे समजावे. बॅटरीचा रकाना अनावश्यक वाटू शकतो, परंतु नोंदी का थांबल्या, या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच रकान्यात सापडते.

शून्य आणि अभाव

संवेदकाने उत्तर दिले नाही, तर त्या जागी शून्य लिहू नये. शून्य हेही एक मापन आहे. ‘पाणी नाही’ आणि ‘पाणी मोजता आले नाही’ ही दोन भिन्न विधाने आहेत. उत्तर न मिळाल्यास रकाना रिकामा सोडावा.

काही संवेदक नादुरुस्तीतही खऱ्यासारखा आकडा देतात. डी.एस. 18 बी 20 ला पुरवठा मिळाल्यानंतर मापन पूर्ण होण्यापूर्वीच वाचले, तर तो 85 अंश सांगतो. 12 बिटांच्या मापनास त्याला पाऊण सेकंद लागतो, तेवढे थांबावे. तार तुटल्यास त्याचे प्रचलित ग्रंथालय उणे 127 अंश देते. हे दोन्ही आकडे प्रोग्राममध्येच अडवावेत. एका दिवसाच्या सरासरीत उणे 127 मिसळल्यास निष्कर्ष बिघडतो, आणि सरासरी काढल्यानंतर दोष शोधणे कठीण होते.

मूळ वाचन जपावे

ओलाव्याचा संवेदक टक्केवारी देत नाही. तो 0 ते 1023 मधील एक आकडा देतो. त्याचे टक्केवारीत रूपांतर करण्यासाठी त्याच शेतातील मातीवर अंशांकन करावे लागते. निरनिराळ्या ओलाव्याचे नमुने घ्यावेत, संवेदकाचे वाचन टिपावे आणि तेच नमुने 105 अंश सेल्सिअसवर 24 तास वाळवून वजनातील घट काढावी. 130 ग्रॅम ओली माती वाळून 100 ग्रॅम झाली, तर वजनी ओलावा 30 टक्के होय. स्थूल घनता 1.3 असल्यास तोच आकारमानी 39 टक्के भरतो.

काळ्या जमिनीत दोन अडचणी विशेष आहेत. ती ओलीने फुगते व वाळताना आकसते, त्यामुळे स्थूल घनता स्थिर राहत नाही. शिवाय वाळताना भेगा पडतात. संवेदकाच्या पृष्ठालगत भेग गेली तर तो मातीऐवजी हवा मोजू लागतो आणि ओलावा एकाएकी कोसळल्याचे दिसते. दहा सेंटिमीटरवरील वाचन दोन तासांत निम्म्यावर आले व तीस सेंटिमीटरवरील जैसे थे राहिले, तर प्रथम भेगेचा संशय घ्यावा आणि प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

या कारणांमुळे कार्डावर मूळ वाचनच लिहावे, टक्केवारी नंतर संगणकावर काढावी. अंशांकन पुढे सुधारले तर संपूर्ण हंगामाचा हिशेब नव्याने मांडता येतो. केवळ टक्केवारी जपली असेल तर तो मार्ग अवघड होतो. पाण्याच्या पातळीबाबतही तेच. ध्वनीचा वेग तापमानागणिक बदलतो. हवा 20 अंशांवरून 30 अंशांवर गेली की तो सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. एक मीटर अंतरावर ही चूक पावणेदोन सेंटिमीटरची होते. म्हणून हवेच्या तापमानाची दुरुस्ती करावी, पण मूळ अंतरही जपून ठेवावे.

वेळेची विश्वासार्हता

वेळ चुकीची असलेली नोंद ही वेळ नसलेल्या नोंदीहून घातक असते, कारण ती खरी भासते. डी.एस. 3231 मध्ये एक खूण असते. घड्याळ मध्ये कधी थांबले असल्यास ती उभी राहते. संच सुरू होताना ही खूण तपासावी. ती उभी असल्यास घड्याळ पुन्हा लावेपर्यंत प्रत्येक ओळीत ‘वेळ अविश्वसनीय’ असे चिन्ह टाकावे. अशा प्रसंगी अनुक्रमांक उपयोगी पडतो. दोन नोंदींत दहा मिनिटांचे अंतर असल्याचे माहीत असल्याने हरवलेली वेळ मागाहून बांधता येते.

शेवटचा अनुक्रमांक सूक्ष्मनियंत्रकाच्या कायमस्मृतीत ठेवता येतो. ऊनोवरील या स्मृतीची एक जागा एक लाख वेळा लिहिता येते अशी हमी असते. दिवसाला 144 वेळा लिहिल्यास ही मर्यादा 694 दिवसांत गाठली जाते. म्हणून अनेक वर्षे चालणाऱ्या संचात ही जागा आलटून पालटून वापरावी.

विद्युतपुरवठा व पेटी

ऊनो फलक अखंड जागा ठेवल्यास साधारण 50 मिलिअँपिअर प्रवाह घेतो. 7 अँपिअर-तासांची 12 व्होल्ट बॅटरी या हिशेबाने 140 तास, म्हणजे जेमतेम सहा दिवस पुरेल. प्रत्यक्षात तितकेही नाही, कारण बॅटरी पूर्ण उतरू देणे योग्य नसते. सूक्ष्मनियंत्रक झोपविला तरी फलकावरील व्होल्टेज-नियामक व दिवा प्रवाह घेतच राहतात. म्हणून अध्ययन ऊनोवर करावे, पण शेतासाठी अल्पऊर्जेचा फलक निवडावा आणि लहान सौरपट्टीची जोड द्यावी. पावसाळ्यातील सलग ढगाळ दिवस गृहीत धरून बॅटरीची क्षमता ठरवावी.

पेटी जलरोधक असावी, तारा तिच्या तळातून आत घ्याव्यात व त्यांना प्रवेशापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी आत न जाता खाली टपकेल. आत ओल शोषणारे सिलिका जेल ठेवावे. उन्हाळ्यात जबलपूरचा पारा 45 अंशांपर्यंत चढू शकतो आणि उन्हातील बंद पेटी त्याहून तापते. पांढरा रंग आणि वर छप्पर या दोहोंनी पुष्कळ फरक पडतो. मुंग्या व पाली यांना मोकळी राहिलेली छिद्रे बुजवावीत.

तार काढण्याची चाचणी

संच शेतात नेण्यापूर्वी मेजावर एक कठोर परीक्षा घ्यावी. नोंदीचे अंतर दहा मिनिटांऐवजी दोन सेकंद ठेवावे. संच चालू असताना, लेखन चालू आहे की नाही याचा विचार न करता, पुरवठ्याची तार काढावी व पुन्हा जोडावी. असे शंभर वेळा करावे. नंतर कार्ड वाचून अनुक्रमांक मोजावेत. प्रत्येक खंडात फार तर एक ओळ गेलेली असावी आणि आधीची एकही बिघडलेली नसावी. या कसोटीला न उतरणारा संच शेतात नेऊ नये.

याच वेळी कार्ड मुद्दाम काढून पाहावे. दिवा चूक दाखवितो का? कार्ड परत घातल्यावर लेखन आपोआप सुरू होते का? संवेदकाची तार सोडल्यास रकाना रिकामा राहतो की शून्य येते? या सर्व प्रश्नांची उत्तरे मेजावर मिळवावीत, बांधावर नव्हे.

कार्ड आणण्याची शिस्त

चार महिने वाट पाहू नये. दर पंधरा दिवसांनी कार्ड बदलावे. दोन कार्डे क्रमांक घालून आळीपाळीने वापरावीत. कार्ड काढण्यापूर्वी पेटीवरील कळ दाबून लेखन थांबवावे आणि दिव्याची खूण मिळाल्यावरच ते ओढावे. क्षेत्रवहीत कार्डाचा क्रमांक, काढल्याची वेळ, संचाचे घड्याळ व हातातील घड्याळ यांतील फरक आणि पाण्याची हाताने मोजलेली पातळी लिहावी.

कार्यालयात आल्यावर मूळ फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी कराव्यात. मूळ फाइल उघडून तीत दुरुस्ती करू नये. सर्व दुरुस्त्या प्रतीवर कराव्यात. त्यानंतर नोंदींचा ताळा घ्यावा. समजा, दहा दिवसांत 1,440 ओळी अपेक्षित होत्या आणि 1,402 मिळाल्या, तर 38 ओळी, म्हणजे अडीच टक्क्यांहून थोड्या अधिक नोंदी गहाळ आहेत. त्या विखुरलेल्या आहेत की एकाच रात्रीच्या, हे पाहावे. विखुरलेल्या असतील तर खोबणी वा जोड सैल असण्याचा संभव अधिक. रोज पहाटेच्याच असतील तर बॅटरी तपासावी. हा ताळा पंधरा दिवसांनी घेतला तर दोष सुधारता येतो. हंगामाअखेर घेतला तर फक्त कळतो.

समारोप

हवेलीचे पाणी सोडण्याची वेळ शेजारी शेतकरी एकत्र बसून ठरवितात. त्या चर्चेत मागील वर्षी पाणी कोणत्या दिवशी सुटले, वापसा किती दिवसांनी आला आणि त्या काळात मातीचे तापमान काय होते, याची विश्वसनीय नोंद मांडता आली, तर अनुभवाला आकड्यांची जोड मिळते. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी असतील तर त्या गावाच्या उपयोगी पडतात. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. प्रत्येक ओळीनंतर फाइल बंद करणारा प्रोग्राम, शून्य व अभाव यांत भेद करणारा रकाना आणि पंधरवड्याला ताळा घेणारा निरीक्षक पुरेसा आहे.

स्वाध्याय

1. नोंदीचे अंतर दहा मिनिटांऐवजी एक मिनिट ठेवल्यास दिवसाला किती ओळी व किती बाइट होतील? 512 बाइटचा खंड किती वेळात भरेल?
2. प्रत्येक तासाने एकदाच फाइल बंद केली, तर पुरवठा खंडित झाल्यास दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या जास्तीत जास्त किती नोंदी जातील? त्या बदल्यात काय वाचेल?
3. आपल्या गावाचा रेखांश शोधून तेथील स्थानिक सकाळी 7 वाजता प्रमाणवेळ किती असते, ते काढा.
4. आपल्या शेतातील मातीचे तीन नमुने घेऊन वजनी ओलावा काढा व वापशाच्या वेळी तो किती होता, हे क्षेत्रवहीत नोंदवा.